फिन्टनची डावी बाजू

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. माझ्या पात्यावर पत्र्याची पट्टी ठोकलेली आहे आणि मुठीवरची चिकटपट्टी कधीच सुटून गेली आहे. हर्लिंगच्या खेळात आमच्यासारख्या काठ्या हातात घेऊन पंधरा विरुद्ध पंधरा माणसं एका लहानशा, दगडासारख्या टणक चेंडूमागे धावतात. माझं पातं इतर काठ्यांपेक्षा रुंद आहे, कारण मी गोलरक्षकाची काठी आहे. बाकीच्या काठ्या चेंडू मारतात. आम्ही तो अंगावर येण्याची वाट बघतो. त्या वाट बघण्यातच माझं आयुष्य गेलं.

शूर नावाच्या नदीच्या काठी अ‍ॅशचं, म्हणजे चिवट लाकडाचं, एक झाड होतं. त्याच्या बुंध्याचा मुळाकडे वळणारा भाग कापून मार्टी लॅफनने मला घडवलं. मार्टी फार बोलत नसे. त्याने मला तासलं, घासलं, टोक फरशीवर टेकवून वाकवून पाहिलं, आणि कान लावून ऐकलं.

"ही अशी-तशी फुटायची नाही," तो म्हणाला. "फुटलीच, तर काम करून फुटेल."

मी ते ऐकलं आणि घाबरले. फुटायचं असतं हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

मला घ्यायला आला तो फिन्टन क्विर्क. किलब्रॅक गावचा पोस्टमन, तेवीस वर्षांचा, उंच आणि सडपातळ. गावाचा जुना गोलरक्षक कामासाठी बोस्टनला निघून गेला होता आणि त्याच्या जागी फिन्टनला उभं केलं होतं. त्याने मला हातात घेतलं तेव्हा त्याचा तळवा घामाने भिजलेला होता.

"हात पूस रे," मार्टी म्हणाला. "लाकूड आहे ते, मासा नाही."

फिन्टन हसला, पण हात काही कोरडा झाला नाही. मित्रांनो, गोलमध्ये उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा प्रेक्षकांना दिसतो. मला त्याची मूठ कळायची. लोक म्हणत, क्विर्कच्या पोराला भीती ठाऊक नाही. त्याच वेळी त्याची बोटं माझ्याभोवती अशी आवळलेली असत, की माझं लाकूड दुखायचं.

तरीही तो फार चांगला गोलरक्षक होता. मला आता वाटतं, भीतीमुळेच असावा. चेंडू मारणाऱ्याचा खांदा जरा कलला की फिन्टन हललेला असे. तीन वर्षं आम्ही दोघांनी किलब्रॅकचा गोल राखला. एका उपांत्य सामन्यात आम्ही पाठोपाठ तीन चेंडू अडवले आणि लोकांनी फिन्टनला खांद्यावर घेतलं. दारूच्या गुत्त्यात भिंतीवर त्याचा फोटो लागला. सकाळी पत्रं वाटायला तो निघाला की म्हाताऱ्या बाया त्याला दारातच थांबवून लोणी लावलेला पाव हातात द्यायच्या. मी सायकलच्या दांडीला बांधलेली असायचे. माझ्याही पाठीवरून हात फिरायचे. ते दिवस छान होते.

मग तो वसंतातला सराव आला. हलका पाऊस होता, चेंडू ओला होता. आमच्याच संघाच्या मॉसी या तरण्या बचावपटूने जवळून एक फटका मारला. चेंडू गवतावर आपटला, उसळला, आणि मी वर येण्याआधी फिन्टनच्या डाव्या डोळ्यावर बसला. तेव्हा कुणी हेल्मेट घालत नसे. फिन्टन गुडघ्यांवर बसला. मी त्याच्या शेजारी चिखलात पडले होते. मला हातभर उशीर झाला, हे मी आजही विसरलेले नाही.

"सुजलंय नुसतं," तो सगळ्यांना म्हणाला. "बर्फ लावतो."

पंधरा दिवसांत सूज उतरली. तो एकटाच बसने लिमरिकला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला. इतका गडबडलेला होता, की सवयीने मलाही बरोबर घेऊन गेला आणि तपासायच्या खोलीत शिरेपर्यंत ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

डॉक्टर वयस्क होते. त्यांनी खूप वेळ डोळ्यात दिवा धरला. मग खुर्ची मागे सरकवली.

"डावा गेला, मिस्टर क्विर्क. उजेड-अंधार कळेल, त्याहून जास्त नाही. आता उजवा जपायचा. ती काठी आहे ना, ती पुन्हा हातात धरायची नाही. उजव्यावर असाच एक फटका बसला, तर घरी जायचा रस्ता दुसऱ्याला विचारावा लागेल. घरात कोण आहे?"

"बायको आहे. नोरीन."

"तिला सांगा आज."

"हो," फिन्टन म्हणाला.

परतीच्या बसमध्ये तो मागच्या बाकावर बसला. एकदा त्याने तळहाताने उजवा डोळा झाकला आणि मला समोर धरलं. मग मला हळूहळू जवळ आणलं, अगदी नाकाला टेकेपर्यंत. माझ्या लाकडाला त्याच्या श्वासाची थरथर लागत होती.

त्याने नोरीनला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. त्या वर्षी किलब्रॅकचा संघ जिंकतच चालला होता. परगण्याचा चषक आमच्या गावाने एकतीस वर्षं पाहिला नव्हता. ज्या माणसांनी तो शेवटचा पाहिला होता ती काठ्या टेकत मैदानाच्या कुंपणाशी येऊन उभी राहायची. फिन्टनऐवजी उभं करायला दुसरं कुणी नव्हतं. त्याला उजव्या डोळ्याची भीती होती, आणि ती बोलून दाखवली तर गाव काय म्हणेल याची त्याहून मोठी भीती होती.

मग आमचे दिवस चोरासारखे जाऊ लागले. सायकल डावीकडच्या चरात जायची. खरचटलेला गुडघा घेऊन तो घरी यायचा आणि कुत्रा आडवा आला म्हणायचा. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी असायचे. नोरीन चहाचा मग पुढे करायची, त्याचा हात मगाच्या बाजूने निघून जायचा आणि तो केस मागे सारल्यासारखं करायचा. सामन्यात तो डाव्या खांबाला चिकटून उभा राहायला लागला, म्हणजे सगळं मैदान उजव्या डोळ्यात यावं. लोकांना वाटलं, ही त्याची नवी युक्ती आहे. एक दोन संघांच्या गोलरक्षकांनी तशी नक्कलही केली! आम्हाला हसू आलं नाही. डावीकडून चेंडू आला की तो मला अंदाजाने फेकायचा. कधी चेंडू मला लागायचा. लागला नाही त्या प्रत्येक वेळी चेंडू जरासा बाहेर गेला. नशीब असं किती दिवस पुरणार, हे मी लाकूड असून मला कळत होतं.

सप्टेंबरात अंतिम सामना आला, आमच्याच गावच्या मैदानावर. समोर रॅथकॅनन गावचा संघ होता, आणि त्यांच्यात कॉन क्रोनन. तो लोहार होता. त्याच्या फटक्याने आदल्या वर्षी एका गोलरक्षकाचं मनगट मोडलं होतं. मैदानावर जाताना फिन्टनची मूठ इतकी गार होती, की मला वाटलं हा आत्ताच मला टाकून पळून जाईल. मला मनातून तेच हवं होतं. तो गेला नाही.

शेवटच्या मिनिटाला आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. चेंडू जाळ्यात गेला तर तीन गुण, आडव्या दांडीवरून गेला तर एक. तेवढ्यात मॉसीने रॅथकॅननच्या एका खेळाडूला गोलच्या तोंडाशीच आडवं पाडलं आणि पंचांनी शिट्टी वाजवली. पेनल्टी. वीसएक पावलांवरून एकट्याने मारायचा फटका. अडवायला गोलरेषेवर तिघांनाच उभं राहता येतं. कॉन क्रोनन हात पँटला पुसत पुढे आला.

रेषेवर मधोमध फिन्टन उभा राहिला. उजवीकडे पॅकी लॉनर्गन, छत्तीस वर्षांचा, डुकरं पाळणारा, संघातला सर्वांत जुना माणूस. डावीकडे मॉसी, आपल्याच चुकीने पांढराफटक पडलेला.

फिन्टनची बोटं माझ्यावर एकदम सैल झाली. मला वाटलं, मी आता खाली पडते.

"पॅकी," तो हळूच म्हणाला.

"काय रे?"

"तू डावीकडे ये."

"आता? वेड लागलंय का तुला? मी जन्मभर उजवीकडे उभा राहिलोय."

"पॅकी, मला डावीकडचं दिसत नाही."

"ऊन आहे का?"

"ऊन नाही. डोळा गेलाय. वसंतापासून."

समोर कॉनने चेंडू गवतावर ठेवला होता. पंच घड्याळ बघत होते.

"वसंतापासून!" पॅकी दातओठ खात पुटपुटला. "अरे गाढवा, बिनडोक गाढवा! आणि मला आत्ता सांगतोस? चल, बाहेर हो. मी उभा राहतो मध्ये."

"तुला जमणार नाही."

"नाही जमणार," पॅकीने कबूल केलं. "दुसऱ्या डोळ्याचं काय?"

"तो आहे. एकच आहे."

पॅकीने एक क्षण त्याच्याकडे पाहिलं. मग मॉसीच्या दंडाला धरून त्याला उजवीकडे ढकललं आणि स्वतः डावीकडे येऊन पाय रोवले. "डावीकडचं माझं," तो म्हणाला. "तिकडे बघूसुद्धा नकोस. ऐकतोयस ना, फिन्टी? तोंड झाक. गोल गेला तर गेला, चुलीत घाल तो चषक. तोंड झाक."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याने कुणाला तरी सांगितलं होतं. फिन्टनची मूठ पुन्हा मिटली. आवळली नाही, नुसती मिटली.

कॉन क्रोननने चेंडू उचलून हवेत उडवला आणि मारला.

मित्रांनो, चेंडू डावीकडे गेला नाही. तो सरळ आला, वर चढत, फिन्टनच्या उजव्या डोळ्यावर. मी तो मोठा होत येताना पाहिला. त्यावरची शिवण पाहिली. मला मागे सरायचं होतं. पण काठीला स्वतःहून सरता येत नाही, आणि फिन्टन सरला नाही. त्याने मला चेहऱ्यासमोर उभं धरलं आणि माझ्या पात्यामागे डोळा मिटून घेतला.

फटका बसला. माझ्या आत उभी चीर गेली, पार मुठीपर्यंत. आधी मला माझाच आवाज ऐकू आला, मग काहीच नाही. चेंडू माझ्यावरून वर उडाला आणि आडव्या दांडीच्या पलीकडे पडला. एक गुण. आम्ही एका गुणाने जिंकलो होतो.

लोक कुंपणावरून आत लोटले. पॅकी मात्र फिन्टनचे खांदे गदागदा हलवत ओरडत होता, "बोटं किती? सांग, बोटं किती?"

"तीन," फिन्टन म्हणाला आणि मोठ्याने रडायला लागला. लोकांना वाटलं, आनंदाने रडतोय.

कपडे बदलायच्या खोलीत त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. गाणी थांबली. आमचे प्रशिक्षक निवृत्त शाळामास्तर होते, सगळे त्यांना मास्टरच म्हणत. ते चषक हातात धरून उभे होते. त्यांनी तो बाकावर ठेवला.

"आम्ही इतके वाईट आहोत का रे," ते म्हणाले, "की तुला आम्हाला सांगता आलं नाही?"

मॉसी तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिला. त्याला तोवर ठाऊकच नव्हतं, की तो डोळा त्याच्या फटक्याने गेला.

फिन्टन पुन्हा खेळला नाही. मार्टीने माझी चीर दाबून पत्र्याची पट्टी ठोकली, पण फिन्टनला माझ्याकडे बघवत नव्हतं. त्याने मला परसातल्या खोपटात, जळणासाठी रचलेल्या पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या, विटांमागे ठेवलं. तिथे मी अकरा वर्षं होते. ओल चढली, बुरशी आली, उंदरांनी मुठीवरची पट्टी कुरतडली. आणि दर हिवाळ्यात माझ्यासमोरचा ढीग कमी होत यायचा. चुलीकडे जाणारी प्रत्येक वीट मी मोजायचे. ढीग संपला की माझी पाळी, एवढंच मला कळत होतं.

एका फार थंड जानेवारीत तो संपला. नोरीन टोपली घेऊन आली, तिने मला उचललं आणि स्वयंपाकघरात नेलं. चुलीचं दार उघडं होतं. आतला जाळ मला लागत होता. तिने माझी पट्टी पाहिली, चिरेवरून अंगठा फिरवला, आणि मला आत घालण्याऐवजी टेबलावर ठेवलं. फिन्टन तिथेच पेपर डोळ्यांजवळ धरून बसला होता.

"फिन्टन," ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"डोळ्याचं. मे महिन्यापासून माहीत होतं. सायकल चरात एकाच बाजूला कशी जाते? चहाचा मग हाताला कसा सापडत नाही? मी काय आंधळी होते?"

फिन्टनने पेपर खाली ठेवला. "मग बोलली का नाहीस?"

"घाबरले. मी विचारलं असतं, तर तू खेळणं सोडलं असतंस. आणि गाव म्हणालं असतं, क्विर्कच्या बायकोने चषक घालवला. फायनलला मी मैदानात नव्हतेच. इथे बसले होते, रेडिओ बंद करून, कानात बोटं घालून. लोक ओरडले ते तरीही ऐकू आलं. जिंकले म्हणून ओरडले की तुला लागलं म्हणून, ते कळेना. दार उघडायला माझे पाय उठेनात."

मग फिन्टनने हात पुढे केला. तो टेबलाच्या कडेने जरा चाचपडला, आणि नोरीनने आपला हात तिथे नेऊन ठेवला.

त्या दिवसापासून मी घरात आहे, कोरड्या कोपऱ्यात. वर्षातून दोनदा नोरीन मला जवसाचं तेल लावते. मित्रांनो, तुमच्या घरी जुनी बॅट असेल, काठी असेल, तिला ओलीत टाकू नका, फडक्याने पुसा, थोडं तेल द्या. एवढ्यावर आम्ही वर्षानुवर्षं टिकतो. पण एक गोष्ट आम्हाला जमत नाही. ते सहा महिने मी त्या माणसाच्या मुठीत होते, मला सगळं कळत होतं, आणि मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे. तुमच्या जवळचं कुणी घाबरलेलं दिसलं, तर घाबरत घाबरत का होईना, त्याला विचारा.