लॅकीची विजार

कर्स्टीने विजार दोन्ही बाजूंनी धरून इतक्या जोरात वर ओढली, की सव्वा वर्षाचा लॅकी जमिनीवरून वीतभर उचलला गेला. विजार मात्र मांड्यांपाशीच अडून बसली. आतला कापडी लंगोट म्हणजे गुबगुबीत प्रकरण: घड्यांवर घड्या घातलेलं फडकं आणि त्यावर पाणी न झिरपणारं आवरण. दुकानातल्या विजारी शिवणाऱ्यांना बहुधा असं वाटतं, की बाळांना ढुंगण नसतंच.

"डायपर घाल की सरळ," सासू म्हणाली.

नेटा खिडकीशी बसून विणत होती. कमरेच्या चामडी पट्ट्यात तिने एक सुई खोचलेली होती. विणताना हाताकडे बघायची तिला गरज नसे, त्यामुळे डोळे सुनेवर पहारा ठेवायला मोकळे.

"डायपरने त्याची कातडी सोलवटते, नेटा. तुम्ही पाहिलंय ते."

"पाहिलंय. आणि पोराला वाकता येत नाही, बसता येत नाही, हेही रोज पाहतेय. कालच्या ओठाचं काय?"

मापाची विजार घातली की ती लंगोटावर ताणून बसायची आणि खाली पडलेला चमचा उचलायला वाकलेला लॅकी थेट तोंडावर आपटायचा. मोठ्या मापाची घातली की ढुंगण मावायचं, पण पाय लोंबायचे. दुमडून दुमडून थकावं, तरी काल दुमड सुटली, तिच्यात पाय अडकला आणि धक्क्याच्या पायरीवर ओठ फुटला. रक्त आलं, गावभर बोभाटा झाला.

"हे बघ पोरी," नेटा म्हणाली, "सोमवारपासून तू बेकरीत कामाला जाणार. लॅकी माझ्याकडे राहणार, मला आनंदच आहे. पण पडझड माझ्या घरात होणार, बोलणी मी खाणार. लंगोटावर नीट बसेल अशी विजार आण, मी तोंडातून ब्र काढणार नाही. नाहीतर ते बघ, आणून ठेवलेत."

कपाटावर डायपरचं पुडकं होतं. त्यावरचं बाळ हसत होतं.

कर्स्टीला ते हसू बघवेना. वसंतात एकदा सगळ्यांचं ऐकून तिने लॅकीला डायपर घातले होते. तिसऱ्या दिवशी मांड्या लालभडक होऊन फुटल्या, आणि कोमट पाण्यात बसवल्यावर लॅकी असा किंचाळला, की ती स्वतः टबाशेजारी बसून रडली. डॉक्टरांनी मलम दिलं, दुसऱ्या कंपनीचे डायपर लावून बघा म्हणाले. तिने तेही केलं. पुन्हा तेच. कापडावर आल्यावर कातडी बरी झाली. आता कुणी काहीही म्हणो, ती किंकाळी तिला पुन्हा ऐकायची नव्हती.

तिने कंबर कसली. पिशवीत एक जास्तीचा लंगोट टाकला, लॅकीला बाबागाडीत बसवलं आणि किनाऱ्यावरच्या गावांतली जुन्या कपड्यांची दुकानं पालथी घातली. विजार हातात आली की ती आत लंगोट कोंबून बघे. एका दुकानातली बाई गल्ल्यामागून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, नवऱ्याच्या मापाची घे. पोरगं मावेल, लंगोट मावेल, वर तूही मावशील."

"नवराही हवाय का सोबत?" कर्स्टी म्हणाली. "स्वस्तात देते."

पट्ट्यांची डांगरी बघितली, ती खांद्यांकडून खेचली जायची आणि लॅकी वाकला की ढुंगण वर, डोकं खाली. ताणणाऱ्या पातळ चड्ड्या बघितल्या, त्या बसल्या छान, पण नोव्हेंबरातला समुद्रावरचा वारा त्यांच्यातून आरपार जात होता. चर्चच्या सभागृहातल्या विक्रीत एक कॉर्डुरॉयची विजार कमरेला, पायाला अगदी मापात मिळाली. लॅकी खाली बसला आणि ती मागून टर्रकन उसवली. कर्स्टी तिथेच जमिनीवर बसून राहिली. तिला वाटलं, जगातल्या सगळ्या शिंप्यांना एका रांगेत उभं करून लंगोट बांधावेत आणि मग बसा म्हणावं.

शनिवारी सकाळी कॅलम खेकड्यांच्या टोपल्या काढून समुद्रावरून आला. लॅकीने हात पसरले आणि बापाने त्याला थेट छतापर्यंत उचललं. कर्स्टी ताटल्या वर ठेवत होती. तिचा स्वेटर पोटावरून वर सरकला, गार वारा लागला, तिने तो खाली ओढला. आणि मग तिचं लक्ष नवऱ्याकडे गेलं. त्याचे दोन्ही हात डोक्याच्या वर होते, आणि त्याची गान्सी कमरेवरून तसूभरही हलली नव्हती.

गान्सी म्हणजे तिथल्या कोळ्यांचा निळा, घट्ट विणीचा स्वेटर. गावात पुरुष तितक्या गान्स्या. कर्स्टी आतल्या, शेतीच्या मुलखातली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी तिने नवऱ्याच्या काखेत कधी नीट बघितलं नव्हतं.

"हात खाली कर," ती म्हणाली. "आता वर. परत."

"ही काय कवायत?"

तिने जवळ जाऊन बघितलं. मासळीचा आणि डिझेलचा वास. बाही जिथे अंगाला मिळते, तिथे काखेत शंकरपाळ्याच्या आकाराचा वेगळा विणलेला तुकडा होता.

"हे काय आहे?"

"चौबगला. दोर ओढताना हात कितीही वर गेला तरी अंग उघडं पडू नये म्हणून. सगळ्यांच्याच असतो. तू आज बघतेयस?"

कर्स्टीने लॅकीकडे बघितलं. मग त्याच्या दोन पायांच्या मधे. मग पुन्हा काखेकडे. तिचं डोकं भरभर चालायला लागलं. बाही म्हणजे पाय. मनगट म्हणजे घोटा. आणि दोन्ही चौबगले एकमेकांना भिडवले, तर मधे जागाच जागा.

"काढ ती," ती म्हणाली.

"धुवायला टाकतेस?"

"कापणारे."

कॅलमचा चेहरा पडला. ती गान्सी आईने अख्खा हिवाळा खपून विणली होती. छातीवर नांगर, दोन्ही अंगांना दोरखंडाची नक्षी. "कर्स्टी, विजार विणून दे म्हणून आईला सांगू या ना."

"आणि सोमवारी? ती विणेपर्यंत हा डायपरमध्ये? सांग ना, तू बसवशील त्याला पाण्यात?"

कॅलमनेही ती किंकाळी ऐकली होती. त्याने गान्सी डोक्यावरून काढली आणि टेबलावर ठेवली. "आईला तू सांगायचं," तो म्हणाला. "मी त्या वेळी समुद्रावर असेन."

आधी कर्स्टीने कडेकडेने मशीनने टीप मारून घेतली, म्हणजे वीण सुटायला नको. मग बाह्या उतरवल्या, चौबगल्यांसकट आणि अंगाचा थोडा भाग धरून. दुपारभर सुया मोडल्या, दोरे तुटले. चौबगले भिडवले, कमरेत इलास्टिक ओवलं, मनगटं एकदा दुमडली. संध्याकाळी टेबलावर एक ओबडधोबड निळी विजार पडलेली होती.

रविवारी नेटाकडे सूप प्यायला जायचा रिवाज. समुद्रावर पळायची सोय नव्हती, रविवारी होड्या बाहेर पडत नाहीत. लॅकी दारातून आत शिरला आणि नेटाच्या सुया थांबल्या.

"ती माझी वीण आहे," ती म्हणाली. मग मुलाकडे वळली. "तू कोट घालून का बसलायस?"

"थंडी आहे."

"काढ."

कॅलमने कोट काढला. आत बिनबाह्यांची गान्सी, दोन्ही काखांत मोठी भगदाडं आणि त्यातून डोकावणारा शर्ट.

नेटाचा आवाज चढला नाही, हे जास्त वाईट होतं. "बाह्या कापल्यास, त्याचं मला काही नाही. बाही मी खांद्यापासून खाली विणते, ती झिजायचीच. उसवायची, टाके उचलायचे, नवी काढायची. पण चौबगला सोडायचास ना, बाई! तो राहिला असता तर याच गान्सीला मी नव्या बाह्या काढल्या असत्या. तू चौबगलाच कापलास. आता हिचं काही म्हणजे काही होत नाही."

"मला तोच हवा होता, नेटा," कर्स्टी म्हणाली. नजर तिने खाली घातली नाही. "बाकीचं सगळं दुकानात मिळतं. तेवढंच मिळत नाही."

नेटाच्या मांडीवरचा लोकरीचा गुंडा तेवढ्यात घरंगळला आणि चुलीपाशी गेला. लॅकी त्याच्यामागे निघाला. गुंड्यापाशी तो थांबला, गुडघे वाकवले, आणि लंगोटासकट पार खाली, टाचांवर जाऊन बसला. विजार कुठे ताणली नाही, कुठे सरकली नाही. त्याने गुंडा दोन्ही हातांनी उचलला, उभा राहिला आणि आजीला आणून दिला. मग स्वयंपाकघराच्या पायरीवर एक पाय टाकून, दुसरा ओढून, चढला. पुन्हा उतरला. पुन्हा चढला. त्याला ते फार आवडलेलं दिसलं.

नेटाने त्याला जवळ ओढलं, उलटा केला आणि चष्मा लावून शिवण तपासली.

"भिकार शिवलंय."

"माहितेय मला."

"बुधवारपर्यंत टिकेल. फार तर."

तिने मांडीवरचं विणकाम हातात घेतलं. निळं, जवळजवळ छातीपर्यंत आलेलं. तिने सुया उपसल्या आणि धागा ओढायला सुरुवात केली. ओळीमागून ओळ सुटत गेली.

"आई!" कॅलम ओरडला. "ती माझी नवी गान्सी!"

"तुला कोट आहे," नेटा म्हणाली. "आणि ते कपाटावरचं पुडकं दुकानात परत देऊन ये."

मग तिने टेप काढली. कर्स्टीला एकदम रडू फुटलं, ते लपवायला ती लॅकीपाशी गुडघ्यांवर बसली आणि त्याची विजार उतरवू लागली. लंगोटाच्या बटणांना तिने हात घातला, तसा नेटाने तो झटकला.

"तो कशाला सोडतेस, पोरी? माप त्याच्यावरूनच घ्यायचंय."