निळ्या फितीचे पान

तिने फितीखाली बोट घातले आणि शास्त्र, घरचे जुने बायबल, उघडले. फीत निळी, टोकाला विसविशीत झालेली. ती असे तिथे पुस्तक आपोआप दुभंगे. समोरच्या खुर्चीत सासू गुडघ्यांवर तळवे पालथे ठेवून बसली होती. तिची नजर जाऊन सहा वर्षे झाली होती, पण वाचन सुरू होताना ती अजून चष्मा लावायची.

ती वाचू लागली. ओठ वाचत होते, कान ऐकत नव्हते. ओळ संपली की डोळे खालच्या ओळीवर उतरत, रोजचा जिना उतरावा तसे. शेवटची ओळ आली. तिने बोट काढून घेतले आणि दोघी गप्प बसल्या.

हा घरचा नेम होता. रोज सकाळी एक स्तोत्र, आणि मग भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर जाईपर्यंत मनन. स्तोत्रे दीडशे, संपली की पुन्हा पहिल्यापासून. आधी सासरे वाचत, त्यांच्यामागे तिचा नवरा वाचू लागला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. एके सकाळी वाचून, मनन करून, डबा घेऊन कामावर गेला. कुठल्याशा इमारतीच्या जिन्यात दम खायला बसला तो उठलाच नाही. आठवडा गेला आणि सासूने चष्मा लावला.

"सूनबाई, वाचतेस का?"

तेव्हापासून ती वाचत होती. चर्चचे पाळक म्हणाले होते, वाचत राहा, हळूहळू आत उतरेल. काहीच उतरले नव्हते. रडूसुद्धा आले नव्हते. मननाच्या वेळात ती लाँड्रीतले दिवसभराचे शर्ट मनात मोजायची. सासूचे ओठ तेवढा वेळ बारीक हलत राहायचे. म्हातारपणाचा चाळा, असे ती धरून चालली होती.

काटा आकड्यावर आला.

"उद्या ताई येणार तुम्हाला न्यायला," ती म्हणाली. "संध्याकाळी बॅग भरते."

"भर." सासूने चष्मा काढून मिटला. "तुला काय वाटतं, जाऊ मी?"

"मला काय वाटायचंय?"

हे ती रागाने म्हणाली नव्हती. जे होते तेच सांगितले होते.

लाँड्रीत तिचे टेबल खिडकीशी होते. कॉलर आधी, उलट्या बाजूने. मग खांदे, मग कफ, मग बाह्या, शेवटी पाठ. वाफ सुटे, सुरकुती जाई. हातांना सगळे पाठ होते, तिला विचारायची त्यांना गरज पडत नसे. शेजारी कपड्यांवरचे डाग काढणारी बसायची. तिला सगळे डागवालीच म्हणत.

"अगं ए," डागवाली म्हणाली, "तो शर्ट तिसऱ्यांदा होतोय. लाजला असेल बिचारा. सोड की आता त्याला."

तिने इस्त्री उभी केली. शर्टाकडे पाहिले. शर्ट कागदासारखा ताठ झाला होता.

"कळलंच नाही मला."

"ते दिसतंच आहे." डागवालीने ब्रश बाटलीत बुडवला. "सासू जाणार म्हणे तुझी. सुटलीस!"

"हो."

"सुटलीस म्हटलं की बाया हसतात तरी, नाहीतर अंगावर येतात तरी. तू आपली नुसती 'हो'." तिने ब्रश तसाच हवेत धरला. मग ती पुन्हा डागाकडे वळली.

संध्याकाळी तिने सासूचे कपडे बॅगेत भरले. रुमालांनासुद्धा इस्त्री केली. लोकरीची शाल वर ठेवली, औषधांची पिशवी बाजूच्या कप्प्यात. शास्त्र हातात घेतले आणि तशीच उभी राहिली. ते सासूबरोबर जायचे की इथे राहायचे? इथे राहिले तर वाचायचे कोणासाठी? तिने ते पुन्हा टेबलावर ठेवून दिले.

नणंद सकाळी आली ती बोलतच आली.

"खाली गाडी थांबवलीये, वहिनी, चहाबिहा काही टाकू नकोस. पण आधी वाचन उरका. त्याशिवाय ही बाई जागची हलायची नाही. लहानपणी मला तापात थर्मामीटर तोंडात धरून ऐकायला लावलंय हिने."

"बरी झालीसच ना?" सासू म्हणाली आणि चष्मा लावला.

तिने फितीखाली बोट घातले, वाचले, शेवटची ओळ संपवली. सासूने मान खाली घातली. नणंद मात्र भुवया आक्रसून तिच्याकडे बघत राहिली. तिच्याने राहवेना.

"वहिनी, हे कुठलं वाचलंस?"

"आजचं."

"आजचं कसं असेल? मी महिन्यापूर्वी आले होते, तेव्हाही हेच वाचलं होतंस. माझ्या पक्कं लक्षात आहे. सगळ्या स्तोत्रांत हे एकच असं, की शेवटपर्यंत उजाडतच नाही. लहानपणी हे आलं की मी बाबांना म्हणायचे, बाबा, आज दोन वाचा."

तिने पानाकडे पाहिले. खालच्या कोपऱ्यावर, जिथे तिचा अंगठा असे, तिथे कागद तपकिरी झाला होता. पुढचे पान तिने उलटून पाहिले. ते पांढरे होते.

"फीत कोण सरकवतं?" नणंदेने विचारले.

फीत तो सरकवायचा. मनन झाले की उठता उठता फीत पुढच्या स्तोत्रावर ठेवायचा आणि मग डबा उचलायचा. तिने हे हजारदा पाहिले होते. स्वतः वाचू लागल्यावर ती फितीपाशी पुस्तक उघडत आली, वाचून मिटत आली. फीत जिथे त्याने ठेवली होती तिथेच होती.

"नऊ आठवडे झाले," ती म्हणाली.

"नऊ आठवडे!" नणंदेने कपाळावर हात मारला. "आणि आई, तू? तुला तर सगळी तोंडपाठ आहेत. तुझ्या लक्षात आलं नाही?"

"मी काय झोपले होते? दुसऱ्याच दिवशी आलं."

"मग बोलायचं नाही?"

सासूने चष्मा काढला, बोटांनी पदराचे टोक शोधले, आणि काचा पुसल्या.

"तिचं तिथलं झालं नव्हतं," ती म्हणाली. "माझंही."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. कोणी उठले नाही.

तिने पान पुन्हा उलटले आणि या वेळी मनात वाचले, एकेक शब्द पाहून. कोणीतरी देवाला हाका मारत होते. रोज मारतो म्हणत होते, आणि तू तोंड फिरवून बसला आहेस म्हणत होते. माझी माणसे तू माझ्यापासून दूर नेलीस, असे त्याच्या तोंडावर म्हणत होते. कुठे आभार नव्हते, कुठे समजूत नव्हती. शेवटी नुसता काळोख. आणि हे सगळे ती रोज, या खोलीत, त्याच्या आईसमोर बसून मोठ्याने बोलली होती.

"आई," तिने विचारले, "असलंही असतं शास्त्रात?"

"असतं तर. तुझ्याच तोंडून ऐकतेय की इतके दिवस."

नणंद हसली, आणि मग नाक पुसायला तिने रुमाल शोधला.

"म्हणजे पुढची सगळी राहिलीच," सून म्हणाली.

"राहिली कशाला? तू वाचून गप्प बसायचीस ना, तेव्हा मी म्हणायचे. रोज एक. काल शेवटचं झालं." सासूचा हात पुढे आला, पानावर चाचपडला, विसविशीत टोकावर थांबला. तिने फीत उचलून सुनेच्या तळव्यात ठेवली. "आज पहिलं आहे. वाच."

फीत उचलली तिथे कागदावर फिकट निळी रेघ उरली होती. तिने पानांचा जाड गठ्ठा मागे उलटला. पहिले स्तोत्र छोटे होते. त्यात पाण्याकाठी लावलेले एक झाड होते. झाडापाशी आल्यावर तिचा आवाज थांबला. रडू नव्हते ते. बसून बसून बधिर झालेल्या पायाला मुंग्या याव्यात आणि पाऊल टेकवायची भीती वाटावी, तसे काहीतरी आत झाले. दोघी थांबल्या तिच्यासाठी. मग तिने पुढचे वाचले.

काटा हळूहळू सरकला. सासूचे ओठ आज हलत नव्हते. तिनेही शर्ट मोजले नाहीत.

"चल आई," नणंद अखेर उठली. तिने बॅग उचलली. "गाडीवाला खाली शिव्या घालत असेल."

सासू काठी चाचपत उभी राहिली. दाराच्या दिशेने दोन पावले गेली आणि वळली. तोंड सुनेकडे करायचे ते थोडे चुकून खिडकीकडे झाले.

"येते गं, सूनबाई."

ती अजून बसलेलीच होती. तिने एक पान पुढे उलटले, फीत त्यावर ठेवली, बोटाने सरळ केली.

"आई," ती म्हणाली. "उद्या दुसरं आहे."

नणंद बॅग हातात धरून दोघींकडे बघत राहिली. खाली हॉर्न पुन्हा वाजला. सासूने काठी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने मागची खुर्ची शोधू लागली.