चौदा ऑगस्टचा रॉबिन

हॅलमबेक गावात शरद ऋतू पानांवरून ठरत नाही. पानं काय, आंधळा सोडून सगळ्यांनाच दिसतात, असं चर्चमागच्या बागवाल्यांचं म्हणणं. इथे शरद ठरतो तो रॉबिनवरून. वसंतात घसा फोडून गाणारा हा नारिंगी छातीचा पक्षी जुलैत एकदम गप्प होतो, पिसं झडून ध्यान दिसायला लागला की झुडपात तोंड लपवून बसतो. मग उन्हाळा उतरणीला लागला की एके दिवशी पुन्हा गायला लागतो, पण वेगळंच. बारीक, सावकाश, मधेच थांबत, जरा उदास. ते पहिलं गाणं ज्याला ऐकू येईल त्याच्या नावाने शरद सुरू झाला असं धरायचं.

चर्चमागच्या उतारावर भाडेपट्टीने दिलेले बागेचे बावीस तुकडे आहेत. फाटकाजवळच्या खोपीत खिळ्याला एक वही टांगलेली असते आणि तिला सुतळीने पेन्सिल बांधलेली. पहिली पाकोळी, पहिला घुबडाचा घुत्कार, पहिलं दव, सगळं त्या वहीत. पण रॉबिनच्या नोंदीला दोन सह्या लागतात, ऐकणाऱ्याची आणि साक्षीदाराची. पक्षीही याच उताराच्या कुंपणातला असला पाहिजे. रानातला चालत नाही. आणि साक्षीदार तो हरला, त्याने ऐकणाऱ्याला नाताळपर्यंत रोज चहा करून द्यायचा. नियम कोणी केले ते कोणाला ठाऊक नाही, पण मोडायची कोणाची छाती नाही.

वही अडतीस वर्षं क्लेमंट हार्डकॅसलच्या ताब्यात होती. बस आगारात इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला हा माणूस आता शहात्तर वर्षांचा. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. त्याला गावात मान होता तो कानांमुळे. सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी चर्चनंतर तीसेक माणसं त्याच्याबरोबर नदीकाठाने चालत जायची आणि तो नुसतं ऐकून सांगायचा, ही अमकी, तो तमका, तिकडे एल्डरच्या झुडपावर एक तरुण कस्तूर आहे, अजून गाणं शिकतोय. लोक माना वर करून बघायचे आणि खरंच तिथे तरुण कस्तूर असायचा.

शेजारचा तुकडा एनिड थ्रॅपस्टनचा. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं घालवलेली, विधवा, बोलायला तिखट. ती गेली नऊ वर्षं क्लेमंटला चहा करून देत होती, कारण नऊ वर्षं रॉबिन त्यालाच आधी ऐकू आला होता.

यंदा मात्र चौदा ऑगस्टला, भर उन्हाच्या दुपारी, क्लेमंट शेंगांच्या काठ्या बांधत असताना एनिड कुंपणाशी आली आणि बोट वर करून म्हणाली, "तो बघ, आलुबुखाऱ्यावर. गातोय ना?"

क्लेमंटने पाहिलं. रॉबिन होता खरा, पिसं विस्कटलेला, शेपटी अर्धी झडलेली. चोच उघडी होती, गळा हलत होता. आणि क्लेमंटला काहीही ऐकू आलं नाही.

 त्या क्षणी खरं बोलला असता तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण अडतीस वर्षं कानांवर मिरवलेला माणूस तो. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "केव्हाचा ऐकतोय. म्हटलं, तुला कधी कळतंय ते बघू."

एनिडने त्याच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. मग दोघं खोपीत गेले. आधी बोलली ती, म्हणून ऐकणारी म्हणून वहीत तिने सही केली, खाली क्लेमंटने साक्षीदार म्हणून. 

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. शरदाच्या डोळ्यांनी दिसणाऱ्या सगळ्या खुणा शहाण्यासारख्या वेळेवर आल्या. ब्लॅकबेरी काळ्या झाल्या. सकाळी गवतावर कोळ्यांची जाळी दवाने पांढरी दिसायला लागली. पडलेल्या आलुबुखाऱ्यांवर गांधीलमाश्या झिंगून लोळायला लागल्या. तारांवर पाकोळ्या ओळीने बसून निघायची तयारी करत होत्या. क्लेमंट सगळं वहीत लिहीत होता आणि कानाशी मात्र सामसूम. आलुबुखाऱ्याच्या फांद्यांत रॉबिन दिसायचा, कधी दिसायचा नाही, पण ऐकू एकदाही आला नाही.

कानांची तपासणी घरच्या घरी करून झाली. किटलीची शिट्टी ऐकू येत होती. चर्चची घंटा, शेजारच्या कुत्र्याचं रडगाणं, तेही. पण म्हातारपणी आधी जातात ते बारीक आवाज, हे पक्षी ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. आणि क्लेमंटजवळ एक गुपित होतं. चर्चच्या आवारातल्या जुन्या यू झाडात गोल्डक्रेस्ट राहतो, अंगठ्याएवढा, डोक्यावर पिवळी रेघ, आवाज सुईसारखा. क्लेमंटने तो तीन वर्षांत ऐकला नव्हता. त्याने स्वतःची समजूत घातली होती की पक्षीच गेला असेल. मग गेल्या वर्षी पाद्रीबाई सहज म्हणाल्या, "यूमधले ते चिमुकले किती किलबिलाट करतात हो," आणि क्लेमंट हसून मूग गिळून बसला होता.

आता रॉबिनही कानांतून गेला. मैलभरावरच्या रानात रॉबिनच रॉबिन होते. तिथे जाऊन पाच मिनिटं उभं राहिलं असतं तर सोक्षमोक्ष लागला असता, आणि म्हणूनच तो रानाकडे फिरकला नाही.

एनिड रोज त्याच्याकडून चहा घ्यायची. जिंकली होती ना ती. पण पूर्वीसारखी बोलायची नाही. "साखर जास्त," "बरा झालाय," इतकंच. क्लेमंटला वाटायचं, चढली हिला. नऊ वर्षांचा सूड उगवतेय, न बोलता.

बघता बघता सप्टेंबरची सात तारीख आली. शनिवार. उद्या नदीकाठची फेरी. तीस माणसं, तीस जोड कान, आणि मधे तो उभा राहून अंदाजपंचे नावं घेणार. रात्री त्याने ठरवलं होतं की झाकून काही उपयोग नाही. सकाळी तो खोपीत गेला, वही खिळ्यावरून काढली आणि एनिडच्या तुकड्यावर गेला. ती उलट्या बादलीवर बसून कांद्यांच्या वेण्या घालत होती.

"ही वही यापुढे तुझ्याकडे," तो म्हणाला. "आणि उद्याची फेरीही तूच ने."

एनिडने हात मागे घेतले. "मी? मी कशाला? मला नाही जमायचं."

"तुला ऐकू येतं. मला येत नाही."

"काय ऐकू येत नाही?"

"रॉबिन." एकदा तोंडातून निघाल्यावर बाकीचं आपोआप बाहेर आलं. "त्या दिवशीही आला नव्हता. मी खोटी सही केली, एनिड. अडतीस वर्षांत पहिल्यांदा. लाज वाटली मला, म्हणून मान डोलावली."

एनिडच्या हातातली वेण्यांची सुतळी गळून पडली. ती अगदी हळू म्हणाली, "म्हणजे तूही नाही ऐकलास?"

"तूही म्हणजे?"

"अरे मेल्या, मी तुला विचारलं होतं. गातोय ना, असं विचारलं. चोच उघडी दिसली, गळा हलताना दिसला, म्हटलं गातोय बहुतेक आणि मलाच ऐकू येत नाहीये. तू नाही म्हणाला असतास तर माझा जीव भांड्यात पडला असता. तर तू म्हणालास, केव्हाचा ऐकतोय." तिचा आवाज चढला. "तीन आठवडे झोप नाही मला. तालुक्याच्या दवाखान्यात कान तपासायची वेळ घेऊन बसलेय, सोमवारची. तुझा तो गुळचट चहा पिताना दर वेळी वाटायचं, याला ऐकू येतंय आणि मला नाही."

क्लेमंट तिच्यासमोर खाली वाफ्याच्या कडेला बसला. "मग त्या दिवशी ऐकलं कोणी?"

"कोणीच नाही."

"चोच उघडी होती पण."

"अठ्ठावीस अंश ऊन होतं, क्लेमंट. धापा टाकत होता तो." हे बोलताच एनिडला हसू फुटलं, आणि हसता हसता तिने कांद्याचा हात डोळ्याला लावला, त्यामुळे तिला रडूही आलं, किंवा कांद्याचं निमित्त झालं. "आणि आपण दोघांनी त्याच्यावर सह्या ठोकल्या."

दोघं हसले. पण क्लेमंट आधी थांबला. "एक गोष्ट अजून तशीच आहे. त्या दिवशी तो गात नव्हता, मान्य. पण आज सात सप्टेंबर आहे. आजही नाही ऐकला. आपण दोघंही ठार बहिरे असू शकतो."

"यंदा रॉबिनची पिल्लं उशिरापर्यंत घरट्यात होती. पिसं उशिरा आली असतील," एनिड म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. मग ती उठली. "उठ. बोलून काय होणार. फावडं घे."

रॉबिनला बोलवायचं तर जमीन खणायची, हे या उतारावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. काढलेल्या बटाट्यांच्या वाफ्यात क्लेमंट माती उलटू लागला. चार फावडी झाली, पाच झाली. पाचव्याला रॉबिन खाली आला, त्याच्या बुटापासून दोन हातांवर. नवाकोरा दिसत होता. छाती भडक नारिंगी, शेपटी पूर्ण. त्याने एक गांडूळ उचललं आणि उडून आलुबुखाऱ्यावर जाऊन बसला.

"पाठ फिरव," एनिड म्हणाली.

"का?"

"चोच बघून मान डोलवायची आपल्या दोघांना सवय लागलीय. पाठ फिरव, हा कागद घे. गाण्याचा तुकडा ऐकू आला की एक रेघ ओढायची. मी माझ्या ओढते. मग ताडून बघू."

क्लेमंटने बियांच्या पाकिटाची मागची बाजू घेतली, एनिडने किराणाची यादी. दोघं झाडाकडे पाठ करून, एकमेकांपासूनही तोंड फिरवून, कोबीच्या वाफ्यात उभे राहिले. कोणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, यांना लागलंय खूळ. वारा नव्हता. क्लेमंटला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. फाटकाची कडी वाजली, लांब ट्रॅक्टर गेला. त्याने डोळे मिटले आणि मनाशी ठरवलं की काही ऐकू नाही आलं तर नाही आलं, निदान खोटं बोलायचं नाही.

आणि मग आलं. बारीक, पाण्याची धार सोडावी तसं, खाली घसरत जाणारं, मधेच थांबलेलं. क्लेमंटला वाटलं आपल्या मनाचे खेळ असतील. पुन्हा आलं. त्याने रेघ ओढली. पुन्हा आलं, पुन्हा रेघ. पाकीट ओलं झालं तेव्हा त्याला कळलं की आपल्या डोळ्यांना पाणी आलंय. तीन आठवडे छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं त्याला हलकं वाटलं, आणि त्याने ते लपवलं नाही.

रॉबिन उडून गेल्यावर दोघं वळले. एनिडच्या यादीवर, अंडी आणि साबण यांच्या मधे, अकरा रेघा होत्या. क्लेमंटच्या बारा.

"एक तू मनची घातलीस," ती म्हणाली.

"एक तुझी चुकली."

"तुला नेहमी एक जास्तच लागते." पण ती हे बोलताना इतकी खूश होती की तिने त्याच्या दंडावर थाप मारली, तीस वर्षांच्या शेजारात कधी मारली नव्हती.

मग वही काढली. चौदा ऑगस्टच्या नोंदीवर क्लेमंटने आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'पक्षी धापा टाकत होता.' खाली सात सप्टेंबर लिहिलं, आणि कोण आधी सही करणार यावर वाद झाला. शेवटी दोघांनी एकाच ओळीत केली, ऐकणारा म्हणूनही आणि साक्षीदार म्हणूनही. चहाचं काय, हा प्रश्न राहिला. एक दिवस तू, एक दिवस मी, असं ठरलं.

पेन्सिल खाली ठेवताना क्लेमंट म्हणाला, "अजून एक आहे. यूमधला गोल्डक्रेस्ट. तीन वर्षं झाली मला ऐकू येऊन."

एनिडने वही मिटली. "मला चार," ती म्हणाली.

ते ऐकून त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी चर्चनंतर बत्तीस माणसं जमली. नदीकडे निघण्याआधी दर वर्षी सगळी यूखाली थांबायची आणि क्लेमंट, ऐकू येवो न येवो, सवयीने एवढंच म्हणायचा, इथे गोल्डक्रेस्ट आहे, चला पुढे. यंदा तो थांबला. टोपी काढून हातात घेतली.

"या झाडात एक पक्षी आहे," तो म्हणाला. "फार बारीक गातो. माझे कान आता तिथवर पोचत नाहीत. ज्यांना ऐकू येतोय त्यांनी हात वर करा, म्हणजे मला कळेल की तो अजून आहे."

 एक हात वर झाला, मग पाद्रीबाईंचा, मग मागून सहासात, मग आणखी बरेच. क्लेमंटने ते सगळे मोजले. एनिड त्याच्या शेजारी उभी होती, दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून, आणि तिने ते बाहेर काढले नाहीत. एकोणीस हात होते. त्याने वही उघडली आणि त्या सगळ्यांची नावं एकेक करून लिहून घेतली.