वहिनींच्या सहीचं पत्र

चष्म्यांच्या एका कंपनीशी करार करून वहिनींनी तिच्या नावाचं दुकान थाटलं, तेव्हा तो करार वाचायचं काम त्यांच्या दिराने अंगावर घेतलं होतं. "कायद्यातलं मला विचारा," हे त्याचं नेहमीचं पालुपद. दोन महिन्यांपूर्वी त्याच कंपनीने समोरच्याच फुटपाथवर दुसरं दुकान उघडलं होतं, आणि आता हा शहाणा वकिलासमोर बसून वकिलालाच कायदा शिकवत होता.

"नोटीस ठोकायची, करार रद्द करायचा, नाहीतर सरळ लवादाकडे जायचं. काय वकीलसाहेब?"

वकील कराराची पानं उलटत होता. मधली दोन पानं अजून एकमेकांना चिकटलेलीच होती. त्याने ती पट्टीने अलगद सोडवली. दीर मान पुढे काढून डोकावू लागला.

"जवळ दुसरं दुकान निघालं, तर तीस दिवसांत लेखी हरकत कळवायची," वकील वाचू लागला. "नाही कळवली, तर तुमची संमती धरली जाईल. हरकत घेतली असेल, तर तुम्ही म्हणता ते सगळे मार्ग मोकळे आहेत. लेखी काही दिलंत?"

"दिलं की!" दीर छाती फुगवून म्हणाला. "उद्घाटनाच्याच दिवशी, वहिनींच्या सहीने. अभिनंदनाचं पत्र! म्हटलं, मोठ्या लोकांशी संबंध राखलेले बरे."

शेजारी बसलेल्या वहिनींना ती सही आठवली. समोर गिऱ्हाईक होतं, आणि भाऊजींनी बोट ठेवलं तिथे त्या सही करून मोकळ्या झाल्या होत्या.

त्यांनी पर्स उचलली.

"भाऊजी, उद्या त्या समोरच्या दुकानात जाऊन डोळे तपासून घ्या. तुमच्या नंबरची काच माझ्याकडे नाही."