दुसऱ्या अल्बममधला पियानो

मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे. आवाज मात्र माझा अगदी नवाकोरा आहे, आणि माझं दुखणं तेच आहे. घाई नसेल तर बसा, सांगतो. खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या आहेत. फक्त हिरवी घेऊ नका, तिने आजवर तिघांना पाडलं आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. मुरवलेलं लाकूड, ओतीव लोखंडाची चौकट, दोनशेच्या वर तारा आणि अठ्ठ्याऐंशी हातोड्या, एवढा माझा संसार. तुम्ही पट्टी दाबली की आत हातोडी तारेवर पडते आणि सूर निघतो. हातोडी लाकडाची, पण तिच्या डोक्यावर दाबलेल्या लोकरीची जाड टोपी असते. ही टोपी तेवढी ध्यानात ठेवा.

पहिली वीस वर्षं मी एका नृत्यशाळेत काढली. तिथे 'एक दोन तीन, एक दोन तीन' याच्या पलीकडे मला कोणी काही विचारलं नाही. शाळा बंद पडली तेव्हा मला इथे आणलं, खाली वाचनालय आणि वर हे सभागृह. चौघांनी मला जिन्यावरून चढवताना ज्या शिव्या दिल्या, त्या मी कधी वाजवून दाखवणार नाही.

इथे माझं दोघांशी नातं जुळलं. एक वाचनालयाचे शिपाई. त्यांना सगळे मामा म्हणत. दुसरे माझे सूर लावायला येणारे टिंगटिंगकाका. एकच पट्टी पन्नासदा वाजवून तार ताणायची हे त्यांचं काम, म्हणून खाली वाचत बसणाऱ्या मुलांनी ते नाव ठेवलं होतं. काका कानाचे फार तिखट. नळ गळत असला तर तो कोणत्या सुरात गळतोय ते सांगत, आणि सूर चुकला असेल तर नळावर चिडत.

त्या सुमारास एका मुलीचा पहिला अल्बम गाजत होता. ती स्वतः गाणी लिहायची, स्वतःच चाली बांधायची आणि पियानो वाजवत गायची. सलूनमध्ये, बसमध्ये, मामांच्या रेडिओवर, जिकडे तिकडे तीच. अकरा गाणी, आणि अकराही गाण्यांत तो तिला सोडून जातो. काका म्हणायचे, "जाणारच! एवढा आरडाओरडा ऐकल्यावर कोण थांबेल?"

चार वर्षं गेली. तिचं नाव हळूहळू मागे पडलं, आणि इकडे सभागृहात कार्यक्रम होईनासे झाले तसा मीही मागे पडलो. सूर लावणं थांबलं. छताला ओल आली, माझ्या लोकरीला कसर लागली, तारा सैल पडल्या. सगळे सूर मिळून थोडे खाली उतरले. मग एके दिवशी तीच मुलगी जिना चढून वर आली. दर आठवड्याला वाचनालयाच्या सुट्टीच्या दिवशी हॉल द्याल का, दुसरा अल्बम करायचा आहे, असं तिने मामांना विचारलं. मामांनी लगेच काकांना बोलावून घेतलं.

"काका, जरा पियानो लावून द्या. ती गाणारी येतेय."

"कोण, ती कार्टी? तिला काय कळणार सूर लागलाय की नाही? मला दुसरी कामं आहेत," काका म्हणाले आणि हत्यारांची पिशवी खांद्याला लावून चालते झाले.

म्हणून ती आली तेव्हा मी होतो तसाच होतो. तिने दोन्ही हात ठेवले, चार सूर वाजवले आणि हसली. "दमलाय बिचारा," ती म्हणाली. मला वाटलं, आता उठून जाईल. पण ती बसून राहिली. माझे सूर उतरलेले, म्हणून तिनेही आवाज खाली उतरवला. मला जोरात वाजवलं की मी खोकल्यासारखा आवाज काढत होतो, म्हणून तिने हळू वाजवलं. जिथे पूर्वी दहा सूर वाजवले असते तिथे दोनच वाजवले आणि मधली जागा मोकळी सोडली. तिसऱ्या आठवड्यात तिला माझं एक व्यंग सापडलं. पट्टी सोडली की तारेवर एक छोटी गादी बसते आणि आवाज थांबवते. माझ्या मधल्या एका पट्टीची गादी झिजली होती. पट्टी सोडली तरी तो सूर मागे घुमत राहायचा. तिने त्याच सुरावर शेवटचं गाणं बांधलं. एक ओळ गायची आणि तो सूर विझेपर्यंत थांबायचं, मग पुढची ओळ. पाच सुट्ट्यांमध्ये अल्बम झाला. जाताना तिने मला आपल्या ओढणीने पुसलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं सुख म्हणाल तर एवढंच.

अल्बम फारसा चालला नाही. 'पहिल्याची मजा नाही,' असं लोक म्हणाले. मामांनी मात्र तो विकत आणला, आणि दोन वर्षांनी काका वाचनालयात विसरलेला चष्मा मागायला वर आले तेव्हा मुद्दाम लावला.

"ऐका तरी, आपला पियानो आहे."

काका दारात उभे होते. हातात पिशवी. पहिलं गाणं संपलं, दुसरं संपलं, तरी ते हललेच नाहीत. एक्केचाळीस मिनिटं तो माणूस पिशवी खाली न ठेवता उभा होता. शेवटी म्हणाले, "पुन्हा लाव."

त्या दिवसापासून काका त्या अल्बमचे झाले. कोणी भेटलं की सुरू. "अहो, त्या वडिलांच्या सदऱ्यांचं गाणं ऐकलंत का? वडील गेल्यावर ती त्यांचे सदरे देऊन टाकायला काढते आणि एकेकाची बटणं लावत बसते. रडत नाही. नुसती बटणं मोजते. पोरीने... बाईंनी काय लिहिलंय! आणि ते दोघी बहिणींचं? फोनवर दोघी 'बाकी ठीक' म्हणतात, आणि बाकी काहीच ठीक नसतं, ते आपल्याला कळतं आणि त्यांनाही कळतं. सोडून गेलेला इथेही आहे बरं का! तो तिला दाताच्या डॉक्टरकडे बाकावर भेटतो, दोघं एकमेकांच्या दाढेची चौकशी करतात. पहिल्या अल्बममध्ये तिने त्याला शाप दिला असता. इथे ती त्याला आपला नंबर देते, कारण त्याला जास्त दुखतंय. माणूस मोठं होतं म्हणजे आणखी काय होतं?"

कार्टीची बाई कधी झाली, ते काकांनाही कळलं नाही. पण जितकं प्रेम वाढलं तितकी त्यांना टोचणी लागली. मामांना ते म्हणाले, "एवढी सुंदर गाणी, आणि खाली हा असला बेसूर पियानो! माझ्या आडमुठेपणामुळे. बाईंची मी शोभा केली."

त्यांनी तिला चार पानी पत्र लिहिलं. पाठवण्याआधी इथेच बसून मामांना मोठ्याने वाचून दाखवलं, त्यात एकेका गाण्याचं कौतुक होतं. महिन्याने उत्तर आलं. तेही इथेच वाचलं गेलं. तिने लिहिलं होतं, 'काका, मी गाणं सोडायचं ठरवलं होतं. तुमचं पत्र वाचल्यावर दोन गाणी सुचली. तिसरा अल्बम करायचा म्हटला तर तुमच्याच हॉलमध्ये, त्याच पियानोवर करीन. पुढच्या महिन्यात येते.'

"त्याच पियानोवर!" काका म्हणाले. "बघा मन केवढं मोठं. आता मी असा लावतो की बाई बघत राहतील."

सतरा दिवस ते माझ्यापुढे वाकून होते. पट्ट्या काढल्या, धूळ काढली, तारा ताणल्या. अठ्ठ्याऐंशी हातोड्यांच्या कसर लागलेल्या टोप्या सोलून काढल्या आणि नव्या बसवल्या. झिजलेली गादी बदलली. डबा घेऊन येणाऱ्या काकू एकदा दारातच थांबून म्हणाल्या, "इतकं सगळं बदलताय, तिला विचारलंत का?"

"डॉक्टर विचारतो का, ताप उतरवू का म्हणून?"

"ताप आहे हे कुणी ठरवलं? तुम्हीच ना?"

"तू डबा ठेव आणि जा बरं."

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मीही हुरळून गेलो होतो. जुन्या वस्तूला कोणी नवं करतो म्हटल्यावर ती कशी नाही म्हणणार? मागच्या अंगणात मामा पालापाचोळा जाळत होते, त्यात काकांनी जुन्या टोप्या टाकल्या. जळत्या लोकरीचा वास वरपर्यंत आला. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

ती आली. काका इस्त्रीचा सदरा घालून सकाळपासून हजर होते. तिने बसल्या बसल्या त्या शेवटच्या गाण्याची पहिली ओळ वाजवली आणि पट्टी सोडली. सूर तिथल्या तिथे थांबला. तिने पुन्हा वाजवलं. पुन्हा थांबला. तिने मामांकडे पाहिलं.

"दुसरा आणलात का?"

"नाही हो, तोच. काकांनी सतरा दिवस खपून लावलाय."

ती काकांकडे वळली. "छान लागलाय," ती म्हणाली. काकांचा चेहरा असा उजळला की मला आजही आठवतो. मग तिने नवी दोन गाणी म्हणून पाहिली. मी खणखणीत वाजत होतो. तिचा आवाज माझ्यापर्यंत चढेना. चढवला की पहिल्या अल्बमसारखा होई आणि ती मध्येच थांबे. अर्ध्या तासाने तिने माझं वरचं झाकण उचलून आतल्या नव्याकोऱ्या टोप्या पाहिल्या आणि हात मांडीवर ठेवले.

"काका, जुन्या टोप्या ठेवल्यात का हो?"

"कसर लागली होती, बाई. जाळल्या."

"बरं."

"आणि ती मधली पट्टी, घुमायची ती, तीही दुरुस्त केली. शेवटच्या गाण्यात फार त्रास दिला असेल ना तिने तुम्हाला?"

तिने तीच पट्टी पुन्हा एकदा दाबून सोडली. मग अगदी हळू म्हणाली, "ते गाणं तिचंच होतं, काका."

काकांच्या लक्षात आलं. त्यांनी हिरवी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. तिने त्यांच्या दंडाला धरलं. "तुमची चूक नाही. मी पत्रात लिहायला हवं होतं." याहून तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. घरचं माणूस जेवणाला नावं ठेवतं, पाहुणा 'पोट भरलंय' म्हणतो. ती पाहुण्यासारखी बोलली. संध्याकाळच्या गाडीने ती परत गेली आणि पुढच्या सुट्ट्यांचं आरक्षण तिने रद्द केलं.

तिसरा अल्बम आला नाही. ती आता कुठल्याशा कार्यालयात नोकरी करते, असं मामांनी ऐकलं. माझ्यामुळेच सगळं झालं असं मी म्हणणार नाही, एवढा मी मोठा नाही. पण सुचलेली दोन गाणी माझ्यासमोर गळ्यातच राहिली, हे मी पाहिलं आहे.

काकांनी हार मानली नाही. ते दर आठवड्याला येत आणि मला बिघडवायचा प्रयत्न करत. टोप्यांना सुया टोचून मऊ करत, तारा सैल सोडत, ओली फडकी आत ठेवत. पण जन्मभर त्यांनी सूर बसवलेच होते, बिघडवायला त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. तार सैल सोडता सोडता कान आडवा येई, हात आपोआप फिरे आणि सूर पुन्हा जागच्या जागी बसे. अल्बम मात्र त्यांनी ऐकणं सोडलं. मामा लावायला गेले की म्हणत, "नको. त्यात तो अजून जिवंत आहे." आपल्याकडचा अल्बमही त्यांनी मामांना देऊन टाकला. जे त्यांना आयुष्यात सगळ्यात जास्त आवडलं होतं, ते त्यांच्यापुरतं संपलं.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, असं सगळ्या जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात. मीही पूर्वी तेच सांगितलं असतं. आता एवढंच मागतो की एखादी गोष्ट जीव लावण्याइतकी आवडली, तर ती का आवडली हे हात लावण्याआधी नीट पाहा. ज्याची ती आहे त्याला विचारा. विचारायला एक वाक्य पुरतं. काकांनी चार पानं लिहिली, त्यात ते वाक्य नव्हतं.

मागच्या आठवड्यात दोन मुली आल्या होत्या, लांबून, सहा तासांचा प्रवास करून. दुसरा अल्बम त्यांना तोंडपाठ होता. तो इथे झाला, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. काका त्या वेळी खिडकीपाशी बसले होते. हल्ली नुसतेच येऊन बसतात, पिशवी आणत नाहीत. एकीने माझं झाकण उघडलं आणि सदऱ्यांच्या गाण्याची सुरुवात वाजवली. दुसरी डोळे मिटून ऐकत होती. तिने डोळे उघडले, दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"हा तो वाटत नाही गं."

"काका," पहिलीने विचारलं, "दुसऱ्या अल्बममधला पियानो हाच का?"

काका उठले. माझ्यापाशी आले, पण माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"नाही, बाळ," ते म्हणाले, "तो हा नव्हे." आणि त्यांनी माझं झाकण लावलं.