मागच्या सीटांची साक्ष

बाबांनी सात सीटांची गाडी घेतली तेव्हा त्यांच्या घरात माणसं किती होती? एक. आणि ते म्हणजे खुद्द बाबा. यावर भांडण झालं नसतं तरच नवल. त्यातून त्यांची लेक गाड्यांच्या सीटा शिवणारी. नदीपलीकडे तिचं दुकान होतं, अठरा वर्षं चालू, आणि कुठल्या गाडीच्या पोटात काय दडलंय हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाबांनी बत्तीस वर्षं उंच इमारतींच्या बांधकामावर क्रेन चालवली. गल्ली त्यांना टॉवरकाका म्हणायची. आई गेली, पुढच्या वर्षी बाबा निवृत्त झाले, आणि तिसऱ्या महिन्यात, कुणाला न विचारता न सांगता, हे धूड दारात आणून उभं केलं. लेक रविवारी भेटायला आली तर गाडीची दोन चाकं फूटपाथवर, पुढचं नाक तिच्या हनुवटीला लागेल इतकं उंच, आणि शेजाऱ्यांच्या खिडकीत भर सकाळी अंधार. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच, असं तिने पायातल्या चपला काढायच्या आत बाबांना ऐकवलं.

मग जुंपली. बाबांचं म्हणणं, लहान गाडीत वाकून बसायचं आणि दाराला धरून उठायचं, हे आता गुडघ्यांना झेपत नाही. शिवाय सगळा जन्म उंचावर बसून गेला, रस्ता वरून दिसला की जिवाला बरं वाटतं. लेक म्हणाली, दूध आणि ब्रेड आणायला किती लांबचं दिसायला हवं? तेल किती पितं हे, धूर किती सोडतं, गल्लीत वळवताना शेजारच्यांच्या कुंड्या किती फुटतात, हे सगळं तिने बोटांवर मोजून दाखवलं. बाबा म्हणाले, कुंडी एकच फुटली आणि ती आधीच चिरलेली होती.

तेल आणि धुराबद्दल काय, कुणीही बोलेल. तिचा खरा मुद्दा वेगळा होता आणि तो ऐकीव नव्हता, हाताखालून गेलेला होता. दुकानात येणाऱ्या मोठ्या गाड्यांची ड्रायव्हरची सीट तेवढी पार चेपलेली असायची. शेजारची बरी, मधली रांग जेमतेम वापरलेली, आणि शेवटच्या रांगेवर कारखान्यातून आलेलं प्लॅस्टिक जसंच्या तसं. एका बाईंची गाडी सहा वर्षं जुनी. मागचं प्लॅस्टिक हिने कात्रीने कापलं तर आतून नव्या गाडीचा वास आला. बाई म्हणाल्या, अय्या, ही सीट उघडतेसुद्धा?

"माणूस खोटं बोलेल बाबा, सीट नाही बोलत," लेक म्हणाली. "आठ महिन्यांनी ही गाडी माझ्या दुकानात आणा, तोवर मी आत डोकावणारसुद्धा नाही. मागच्या सीटा कोऱ्या निघाल्या, तर ही विकायची आणि लहान घ्यायची."

"आणि नाही निघाल्या तर?"

"तर या गाडीबद्दल जन्मात अवाक्षर काढणार नाही."

बाबांनी लगेच हात पुढे केला. हे सगळं तिचा नवरा कोपऱ्यात बसून ऐकत होता. लग्नाला सतरा वर्षं झालेली असल्यामुळे, बायको कुठल्यातरी एका विषयावर जन्मभर गप्प बसेल या नुसत्या कल्पनेने तो बाबांच्या बाजूला गेला.

लेक मात्र कच्च्या गुरूची चेली नव्हती. पैज पक्की व्हावी म्हणून तिने सातही सीटांना स्वतःच्या हाताने नवी कव्हरं घातली, आणि कापड मुद्दाम असं निवडलं की नुसतं बोट टेकलं तरी ठसा उमटावा. दुधी रंगाचं, बारीक लव असलेलं. बाबा म्हणाले, रंग छान आहे. ती मनात म्हणाली, आठ महिन्यांनी सांगा.

आठ महिने रोज सकाळी ती फोन करायची. कुठे निघालात? दूध आणायला. त्या धुडातून? मग काय, खांद्यावर घेऊन येऊ? असं रोजचं ठरलेलं. फोन ठेवला की ती हसायची, पण हसण्याखाली एक काटा होता आणि तो पैजेचा नव्हता. बाबा रोज सकाळी सहा रिकाम्या सीटा घेऊन एका दुधाच्या पिशवीसाठी निघतात, हे चित्र तिला बघवत नसे. आई असती तर निदान एक सीट भरली असती. लहान गाडीत एकटा माणूस एकटा दिसत नाही, एवढाच तिचा हिशेब होता. बाबांना ती तेला-धुराचं सांगायची, कारण हे दुसरं सांगायला तिची जीभ वळत नव्हती.

ठरल्या दिवशी बाबांनी गाडी दुकानासमोर आणून लावली. लेकीने गिऱ्हाईकही तयार ठेवलं होतं. पलीकडच्या गल्लीतला सुतार, हाताखाली पाच माणसं, अवजारांच्या पेट्या, लाकडाच्या फळ्या. अशा माणसाने मोठी गाडी घेतली तर कोण काय बोलेल? सुतार दारातच उभा होता, टायरांना पायाने हलकेच टोले देत. बाबांनी स्टूल ओढलं, चहा मागितला आणि छताकडे बघत बसले. जणू पैज दुसऱ्याच कुणाची होती.

लेकीने मागचं दार उघडलं आणि तिचा हात हँडलवरच राहिला.

ड्रायव्हरच्या मागची सीट दाराच्या बाजूला चांगली खोल बसली होती. तिच्या शेजारच्या सीटची पाठ कोरी, पण पुढची कड घासून गुळगुळीत. म्हणजे इथे बसणाऱ्याला पाठ टेकायला फुरसतच नव्हती, टोकावर बसून पुढे वाकून बोलणं चाललेलं. शेवटच्या रांगेत दोन खळगे, एकमेकांकडे कललेले. मधल्या रांगेच्या तिसऱ्या सीटपुढे, पायाखालच्या चटईवर, कुबडीच्या रबराचे गोल गोल ठसे. शिवणीत खडूची पांढरी भुकटी. सीटांच्या फटीत हात घातला तर खोकल्याच्या गोळीचा कागद, केसांचा एक चाप, आणि वर्तमानपत्रातून फाडलेलं शब्दकोडं, तीन वेगवेगळ्या अक्षरांत भरलेलं, एका शब्दावर तर इतकी खाडाखोड की कागद फाटला होता.

तिला आधी संशय आला. बाबांनी पोती ठेवून सीटा दाबल्या असतील! ती गुडघे टेकून प्रत्येक सीटवरून तळहात फिरवत गेली. पण पोत्याचा दाब चौफेर सारखा पडतो. माणूस तसा बसत नाही. माणूस कलतो, सरकतो, एका पायावर पाय टाकतो, हसताना मागे रेलतो. इथे सहा माणसं होती, सहा तऱ्हांची, आणि आठ महिने रोज बसलेली. अठरा वर्षांच्या कामात मोठ्या गाडीची शेवटची रांग इतकी झिजलेली तिने पाहिली नव्हती.

सुतार वाकून बघत म्हणाला, ताई, ही गाडी आहे की शाळेची बस? मग बाबांकडे वळून लेकीने विचारलं, हे सगळे कोण?

बाबांनी चहा संपवला आणि सांगितलं. दुसऱ्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरची परिचारिका रस्त्यात उभी होती, तिची गाडी सुरू होत नव्हती. तिला हॉस्पिटलात सोडलं. दुसऱ्या दिवशी गाडी दुरुस्त झाली तरी ती म्हणाली, तुमच्याबरोबरच येते, बरं पडतं. तिने शाळेतल्या बाईंना आणलं. बाईंनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला, त्याच्या कुबडीला लहान गाडीत जागाच होत नसे. मग लॉन्ड्रीतल्या दोघी बहिणी. मग पुढच्या सीटवर औषधवाला. औषधवाल्याने आपली गाडी विकली, बाईंची कापड घालून पडली आहे, बहिणींनी नवी घ्यायचा बेत सोडला. बाई शब्दकोडं मोठ्याने वाचतात, बाकीचे ओरडून उत्तरं देतात, आणि औषधवाल्याचं प्रत्येक उत्तर चुकतं.

"आणि दूध?"

"येताना आणतो. मी कुठे खोटं बोललो?"

"आठ महिने मला एकाही माणसाने सांगितलं नाही?"

"सगळ्या गल्लीला ताकीद होती. तूच म्हणालीस ना, सीट खोटं बोलत नाही. म्हटलं, मग तिलाच बोलू दे."

लेकीला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. तरी ती हरणारी नव्हती. म्हणजे येताना एकटेच येता ना, तिने पकडलं, सात सीटांत एकटे? बाबा क्षणभर गडबडले. मग म्हणाले, हो, येताना एकटाच. त्यांच्या गप्पा आठवत येतो, तेवढ्यात घर येतं.

मग बाबाच पुढे बोलू लागले, रिकामा कप हातात फिरवत.

"तुला वाटलं मला उंच बसायला हवंय. गुडघ्याचं खरं, बाकी थापा. उंचावर बसून बसून वीट आला होता बाळा. बत्तीस वर्षं एका खुर्चीची केबिन. खाली शंभर माणसं कामाला, एकत्र डबे उघडायची, हसायची. मला दिसायचं सगळं, ऐकू काही यायचं नाही. वॉकीटॉकीवर दिवसभर चार शब्द. वर. खाली. डावीकडे. थांब. घरी आलो की तुझी आई बोलायची, मग भरपाई व्हायची. ती गेली. गाडी बघायला गेलो तर तिथल्या माणसाने विचारलं, सीटा किती हव्यात? मी म्हटलं, सगळ्यात जास्त असतील त्या दाखव."

लेकीने बाबांच्या हातातला कप काढून घेतला आणि त्यांच्या गळ्यात पडली. बापाला मिठी मारायची म्हणजे त्यांच्याकडे समारंभच, दहा वर्षांतून एकदा व्हायचा. बाबा अवघडून तिच्या डोक्यावर थोपटत राहिले.

सुतार मात्र मोकळाच होता. गाडी मिळणार नाही हे त्याने ओळखलं होतं, म्हणून वेळ घालवायला तो शेजारी उभ्या असलेल्या छोट्या गाडीत डोकावत होता. ही गाडी लेकीची. रोज सकाळी नवरा चालत त्याच्या कामाला जायचा आणि ही एकटी गाडीतून दुकानात यायची.

"ताई," तो म्हणाला, "ह्या गाडीच्या मागच्या सीटा तर नव्याकोऱ्या दिसतायत. फक्त फोमचे तुकडे ठेवलेत. विकायची का ही?"

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ते असं. दुकानातली शिलाई मशीनवरची मावशी इतकी हसली की दोरा तुटला. जिंकलेल्या माणसाने गप्प बसावं, तेवढं शहाणपण बाबांजवळ होतं. लेकीचे कान लाल झाले. दुसरी गाडी कुठे मिळते का बघतो, असं म्हणत सुतार निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती सव्वासातलाच नदी ओलांडून आली. तिला एकदा त्या गाडीत बसून जायचं होतं, ते शब्दकोडं ऐकायचं होतं. गल्लीच्या तोंडाशी धूड उभं, आतून नुसता कलकलाट. परिचारिका खिडकीला रेलून बसलेली, बाई अर्ध्या सीटवर, मागे दोघी बहिणी एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून. घड्याळवाल्याने कुबडी उंचावून तिला नमस्कार केला. सगळ्यांना ती कोण हे माहीत होतं आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा आनंद होता. आपल्या बापाभोवती सकाळी सकाळी इतका गोंधळ बघून तिला इतकं बरं वाटलं की ती नुसती उभीच राहिली.

मग तिने मागचं दार उघडायला हात घातला. बाबांनी काच खाली केली.

"जागा नाही," ते म्हणाले.

"मी तुमची मुलगी आहे."

"असशील. पण जागा नाही. तुझ्याकडे चार आहेत ना? मग त्या दोघींना घे. महिनाभर थांबल्यात बिचाऱ्या, माझ्याकडे काही कुणी उतरत नाही."

फूटपाथवर खरंच दोघी उभ्या होत्या. एक हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करणारी, जाडजूड, हातात स्वेटरची पिशवी. दुसरी चष्मा लावलेली, पतपेढीतली कारकून. दोघींना नदीपलीकडेच जायचं होतं. बाबांनी हॉर्न वाजवला आणि धूड हसत-ओरडत निघून गेलं. लेक रस्त्यात तशीच उभी, आणि त्या दोघी तिच्या तोंडाकडे बघत.

तिने काय करावं? गाडीचं मागचं दार उघडलं, फोमचे तुकडे उचलून डिकीत कोंबले आणि म्हणाली, बसा.

पुलावर पोहोचेपर्यंत दोघींचं खिडकीवरून वाजलं होतं. एकीला उघडी हवी, दुसरीला बंद. पूल संपेपर्यंत समेट होऊन दोघी मिळून तिलाच सांगू लागल्या की ती गिअर फार उशिरा बदलते. दोन वळणांनंतर तिला स्वयंपाकघरातल्या बाईच्या जावयाचा स्वभाव, कारकूनबाईच्या साहेबाचं घोरणं आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांची गुपितं माहीत झाली होती. ती हसता हसता एक वळण चुकली आणि तिघींनाही वाईट वाटलं नाही.

चष्मेवाली पतपेढीसमोर उतरली, दार लावलं, दोन पावलं गेली आणि परत येऊन खिडकीशी वाकली. उद्या किती वाजता, तिने विचारलं.

"साडेसात," लेक म्हणाली. "आणि उशीर करू नका हं, मी थांबणार नाही."