तीन प्रकृतींची बिस्किटे

सुनेच्या बेकरीतील काचेच्या कपाटाचा मधला कप्पा वैद्यबुवांच्या मनात घर करून बसला होता. दवाखाना बंद केल्यापासून त्यांचा उपदेश ऐकायला कोणी उरले नव्हते. 'पचन' हा शब्द निघाला की पत्नीला नेमकी भांडी आठवत. त्या कप्प्यात आपली पाचक बिस्किटे विराजमान झाली, तर शास्त्राची सेवा पुन्हा सुरू होईल, असा त्यांचा संकल्प होता.

"बाबा, आज दुपारी ओव्हन तुमचा," सुनेने अट घातली. "संध्याकाळपर्यंत माल खपला तर कप्पाही तुमचा. नाही खपला तर तिथे माझा केक बसणार. मग कुरकुर चालणार नाही."

"सूनबाई, कुरकुर हे वाताचे लक्षण. मला वात नाही."

"आईंना विचारून सांगते," म्हणत ती काउंटरकडे वळली.

भरपेट जेवून आलेल्या वैद्यबुवांनी जठराग्नीचे स्मरण केले आणि तीन परातींत कणीक, तूप व गूळ घेतला. वातप्रकृतीसाठी सुंठ, पित्तासाठी बडीशेप-वेलची, कफासाठी मिरी. अन्न पचायला हलके असावे या श्रद्धेने सोडाही सढळ हाताने घातला. तिन्हींचा रंग सारखाच. म्हणून वाताच्या बिस्किटावर बोटाचा एक ठसा, पित्ताच्या दोन, कफाच्या तीन, अशा खुणा केल्या.

बिस्किटे भाजून निघाली. ठशांवर पूर्ण विश्वास ठेवून त्यांनी ती सारी एकाच टोपलीत ओतली आणि मग नीट पाहिले. सोड्याने आपले काम चोख बजावले होते. बिस्किटे टम्म फुगली होती. ठसा एकावरही नव्हता.

वासाने ओळखावीत, तर मसाले कुटताना नाक केव्हाच बधिर झाले होते. उरली जीभ. आधीचे जेवण पचण्यापूर्वी पुन्हा खाणे, म्हणजेच अध्यशन, यावरून त्यांनी आयुष्यभर लोकांची कानउघाडणी केली होती. पण पित्ताच्या माणसाच्या हाती मिरी देणे हे त्याहून घोर पातक. त्यांनी प्रत्येक बिस्कीट मोडून अर्धे चाखायला घेतले. पहिले सुंठीचे. दुसरे बडीशेपेचे. तिसरे मिरीचे निघाले आणि त्यानंतरची सगळीच मिरीची लागू लागली. पाणी पिऊन त्यांनी पुन्हा आरंभ केला.

"अहो, हे काय चाललंय?" पत्नी दारात उभी होती.

"निदान."

"एवढे गाल फुगवून?"

टोपलीत निव्वळ अर्धुके उरली, तेव्हा वैद्यबुवा मागच्या खोलीत मैद्याच्या पोत्यांवर आडवे झाले होते. सून आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली.

"या तुकड्यांचं मी काय करू, बाबा?"

"वेगळे... कर..."

"माणसात वात, पित्त, कफ तिन्ही असतात, असं तुम्हीच सांगता ना? मग तिन्ही एकाच पुडीत भरते."

शास्त्रतः यात खोट काढता येईना, आणि उठवेना तर मुळीच.

तेवढ्यात शेजारचे शिंपीकाका दुकानात शिरले. "आत कोण कण्हतंय गं?"

"बाबा. बिस्किटं जास्त झाली."

"वैद्यबुवांना? मला दुसरा चहा घेऊ देत नाहीत ते?" शिंपीकाकांनी टोपलीत डोकावून पाहिले. "दोन पुड्या बांध. त्यांचा संयम ज्यानं सुटला, ते आम्ही सोडायचं होय?"

काकांच्या पोटात गोष्ट राहते थोडीच! पाहता पाहता काउंटरपुढे गर्दी झाली. वैद्यबुवा तळमळले. ही हाव नव्हती, कर्तव्य होते, हे ओरडून सांगावे. पण सांगितले तर गर्दी पांगेल आणि कप्पा जाईल. अखेर धर्मबुद्धी जिंकली. कोपरावर भार देऊन ते उठले, बोलायला तोंड उघडले; पण शब्दांच्या आधी ढेकर बाहेर पडला, तोही खणखणीत.

"ऐकलंत?" बाहेर शिंपीकाका गरजले. "तृप्ती म्हणतात ती ही!"

दिवेलागणीला सून गरम पाण्याचा पेला घेऊन आली. "टोपली रिकामी झाली, बाबा. कप्पा तुमचा. उद्या काय बेत?"

"उद्या लंघन."

"बिस्किटांचं विचारतेय मी."

"दुप्पट कर," वैद्यबुवा क्षीण स्वरात म्हणाले. "मात्र वर पाटी लाव. भूक लागल्यावरच खावे."

"लावते. खाली तुमचं नाव घालू?"

वैद्यबुवांनी पोटावरून हळूच हात फिरवला.

"नको," ते म्हणाले. "तुझ्या सासूबाईंचं घाल."